गाणारा थांबतो ती जागा

आमच्या ऑफिसातल्या सेफ्टी मॅनेजरला सगळे टरकून असतात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला नसेल तर ते माणसाला साइटच्या दारातून परत पाठवतात, मग तो फोरमन असो नाहीतर डायरेक्टरचा मेहुणा. पन्नाशी उलटलेली, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, बोलणं मोजकं. घराणं ओमानातल्या इब्रा गावचं, पण आजोबा-पणजोबांनी झांझिबारला जाऊन संसार थाटलेला, त्यामुळे इंग्रजी, अरबी आणि स्वाहिली अशा तिन्ही भाषांत ते सारख्याच थंडपणे झापू शकतात. वर साइटवरच्या आपल्या लोकांकडून शिकलेलं कामचलाऊ हिंदीही आहेच. आम्ही भारतीय त्यांना आपापसांत सेफ्टीसाहेब म्हणतो. हा माणूस तरुणपणी इंग्लंडातल्या क्लबांत नाचायचा, असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी ते हसण्यावारी नेलं असतं.

ते मला कळलं दुक्मच्या रस्त्यावर. मी वेल्डिंगची तपासणी करणारी इंजिनिअर. पाइपाचा जोड नीट बसलाय की नाही हे बघायचं आणि नसेल तर लाल शेरा मारायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. त्या जानेवारीत दुक्मच्या एका साइटवर आम्हा दोघांना एकाच गाडीतून जायचं होतं. मस्कतपासून सहा तासांचा रस्ता, दोन्हीकडे सपाट वाळू, मधूनच उंट. तासाभरानं त्यांनी विचारलं, "सिस्टर, म्युझिक चालेल?" मला वाटलं कुराण किंवा फार तर अरबी गाणी लागतील. लागलं ते असं, की कुणीतरी भांड्यांची मांडणी जिन्यावरून ढकलून द्यावी. नुसते ड्रम, सुसाट, आणि खाली पोटात घुमणारा आवाज.

"गाणं कधी सुरू होणार?" मी पाच मिनिटांनी विचारलं.

"गाणं काढून टाकलंय," ते म्हणाले. "राहिलंय ते गाण्यातली सगळ्यात चांगली जागा."

आणि मग हेल्मेटच्या पट्ट्यापलीकडे न बोलणारा हा माणूस वाटेतल्या हैमा गावापर्यंत बोलत राहिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरीब, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची वस्ती. तिथल्या पार्ट्यांत रेकॉर्ड लावणाऱ्या पोरांच्या लक्षात आलं, की नाचणारे लोक गाण्याची नाही, गाण्यातल्या एका ठिकाणाची वाट बघत असतात. गाणारा थांबतो, पेटी-गिटार थांबतात आणि काही सेकंद फक्त ड्रम उरतात, ते ठिकाण. त्याला ब्रेक म्हणतात. तो आला की लोक पिसाटतात, पण तो लगेच संपतो. मग काय करावं? एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायच्या. पहिलीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तेवढ्यात पहिली उलटी फिरवून परत त्याच जागी आणायची. सापडायला सोपं जावं म्हणून तबकडीवर खडूनं खूण करायची. सहा सेकंदांचं सहा मिनिटं करायचं. वाद्यं विकत घ्यायची ऐपत नव्हती, तर दुसऱ्याच्या रेकॉर्डचंच वाद्य केलं. उद्यानात कार्यक्रम असला की वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून ओढायची.

"खांबावरून वीज ओढायचं मला कुणी शिकवायला नको," मी म्हटलं. "आमच्या वस्तीतली जयंती तशीच व्हायची."

ते खळखळून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढे हेच ब्रेक समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले. तिथल्या पोरांनी त्यांचा वेग वाढवला, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी घरी बांधलेल्या कपाटाएवढ्या स्पीकरांतून खालचा घुमारा मिसळला, आणि ओसाड गोदामांत, मग छोट्या छोट्या क्लबांत ते वाजायला लागलं. सेफ्टीसाहेब तेव्हा तिथे इंजिनिअरिंग शिकत होते. पहिलं वर्षभर त्यांच्याशी खोलीच्या मालकिणीखेरीज कुणी धड बोललं नव्हतं. एका वर्गमित्राबरोबर ते अशाच एका तळघरातल्या क्लबात गेले. घामानं भिंती ओल्या, अंधार, आणि शेजारी जमैकाचा, पंजाबी, गोरा, सुदानी, कुणीही. "तू कुठला, असं कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त पाणी प्यायचो. पहाटे क्लब बंद झाला की चालत मशिदीत जायचो, फज्रची नमाज पढायचो आणि झोपायचो. मला यात कधी अडचण वाटली नाही. इतरांना वाटायची."

आपल्या आवडीबद्दल इतक्या सरळपणे, लाज न बाळगता आणि फुशारकी न मारता बोलणारी माणसं मी फार कमी पाहिलीत. माझा कल माणसांमधले दोष आधी बघण्याचा आहे, धंदाच तो. पण त्या दिवशी मला या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं.

आणि गाणारा थांबतो ती जागा मला माहीत होती. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य त्या जागेत गेलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दिवसा कारखान्यात लेथवर आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत ढोलकीवर. कल्याणपासून पार मनमाडपर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम. दोन कडव्यांच्या मध्ये गायक, म्हणजे बुवा, पाण्याचा पेला उचलायचा, पेटीवाला हात काढायचा आणि ढोलकी एकटी बोलायची. याला त्यांच्या पार्टीत 'जागा देणं' म्हणत. "आज बुवांनी तीनदा जागा दिली," असं दादा घरी येऊन सांगायचे, पगारवाढ मिळाल्यासारखे.

पण दोन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला तो राहिलाच. ढोलकीचा उजवा हात टणक बोल काढतो आणि डाव्यातून घुमारा येतो. डावा गेला म्हणजे ढोलकी गेली. दादांनी ती भावाकरवी कुणाला तरी देऊन टाकली. तेवढ्यावर थांबले नाहीत, ऐकणंही सोडलं. टीव्हीवर ढोलकी वाजली की उठून बाहेर जायचे. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं कोरडं पाहिलं नव्हतं. आपला हा माणूस असाच, काहीही न ऐकता संपणार, या भीतीनं मला पोखरलं होतं, आणि त्यांनी एकदा तरी स्वतःचं वाजवणं ऐकावं एवढीच माझी इच्छा होती.

त्यांचं वाजवणं कुठे होतं? एकुलत्या एका कॅसेटवर. पार्टीनं एकदा स्टुडिओत जाऊन गाणी भरली होती, आणि त्यातल्या एका गाण्यात मध्ये आठ सेकंद नुसती ढोलकी होती. त्या कॅसेटच्या घरात दोन प्रती घेतलेल्या. एक वाजवायची आणि एक ठेवणीतली, कपाटात, वरचं प्लॅस्टिकही न काढलेली. वाजवायची मी लग्नानंतर मस्कतला आणली होती.

हे सगळं मी परतीच्या रस्त्यात सेफ्टीसाहेबांना सांगितलं. त्यांनी चालू असलेलं म्युझिक बंद केलं. मग म्हणाले, "ते आठ सेकंद मला आणून द्या. चाचांना आपण ते आठ मिनिटं ऐकवू, इन्शाल्ला."

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. पुढच्या शनिवारी सकाळी मी जुन्या टेपरेकॉर्डरवरून ती कॅसेट लॅपटॉपमध्ये भरून घेतली. भरून होते न होते तोच टेपरेकॉर्डरनं फीत गिळली, कात्रीनं कापून बाहेर काढावी लागली. पण मी निवांत होते, फाइल हातात होती. मग ती ढोलकी मी पडद्यावर बघितली. बघितली म्हणते, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थाप उंचवट्यासारखी दिसते आणि खाली समान अंतरावर रेघा असतात. दादांच्या थापा रेघांवर नव्हत्या. उजव्या हाताच्या जरा आधी, डाव्याच्या जरा नंतर, आणि शेवटाकडे एक डावी थाप तर चांगलीच उशिरा. माझ्यासारख्या बाईला हे सहन होईल? जोडात मिलिमीटरचा फरक दिसला तरी माझी झोप उडते. मला वाटलं, एवढं जग ऐकलेल्या माणसापुढे वडिलांचं काम न्यायचं तर चुका दुरुस्त करून न्यावं. चार तास बसून मी प्रत्येक थाप ओढून रेघेवर आणली आणि फाइल त्याच नावानं सेव्ह केली, म्हणजे मूळची पुसली गेली.

त्यापुढच्या शुक्रवारी सकाळी मस्कतच्या अल हैल भागात त्यांच्या घरी गेले. बैठकीच्या खोलीत रेकॉर्डचे खोकेच खोके, वर दोन टर्नटेबल, आणि प्रत्येक वायर लेबल लावून बांधलेली. सेफ्टीसाहेब ते शेवटी. त्यांनी फाइल लावली. एकदा ऐकली, दुसऱ्यांदा ऐकली.

"हे कुणी दुरुस्त केलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"सिस्टर, चांगल्या वेल्डवर रिपेअर मारला तर काय होतं?"

उत्तर मला पाठ आहे, नव्या पोरांना मीच शिकवते. पुन्हा तापवलेला धातू कमजोर होतो. धडधाकट जोडाला उगाच हात लावायचा नसतो. मी मान खाली घातली. त्यांनी मला मग एक जुना ब्रेक ऐकवला, त्यांच्या तरुणपणी सगळ्या क्लबांत वाजलेला, आणि बोटानं हवेत दाखवत गेले, ही थाप आधी, ही मागे, ही सांडलेली. "रेघेवरचा ड्रम मशीनसुद्धा वाजवतं. लोक नाचतात ते माणूस रेघेपासून जेवढा हलतो त्या जागेत. तुमच्या वडिलांकडे ते असणार. तुम्ही पुसलंत. खलास."

खलास म्हणताना ते रागावलेले नव्हते, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नशीब, सासऱ्यांनाच ग्राइंडर मारला नाहीस." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

उरली ठेवणीतली कॅसेट. मार्चअखेर दादा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार होते. मी फोनवर म्हटलं, "दादा, कपाटातली ती कॅसेट घेऊन या." "कशाला?" "हवीय." त्यांनी पुढे विचारलं नाही. विमानतळावरून आल्या आल्या पिशवीतून बनियनमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या पुढ्यात लावू नको."

एप्रिलात इथल्या आपल्या मंडळींची जयंती झाली. हॉल घेतलेला, पोरांची भाषणं, इंग्रजी शाळेतल्या मुलांचं अडखळतं पण प्रामाणिक मराठी, आणि शेवटी गाणी. हौशी मंडळींनी ढोलकी काढली तसे दादा उठले. मी मागोमाग गेले तर ते पार्किंगमध्ये आमच्या गाडीला टेकून उभे, त्या उन्हात. "मला परत पाठव," ते म्हणाले. "इथं करमत नाही." न करमण्याचं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पुढच्या मंगळवारचं तिकीट काढलं आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

राहिला एक शुक्रवार. मी दादांना खरं ते सांगितलं नाही. माझे एक ओमानी साहेब तुम्हाला कहव्याला बोलावताहेत, नाही म्हणणं बरं दिसत नाही, एवढंच सांगितलं. पाहुणचाराला नाही म्हणण्याचा उद्धटपणा दादांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

सेफ्टीसाहेबांनी दारात येऊन दादांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. खजूर झाले, कहवा झाला, भल्यामोठ्या पितळी ताटात कापलेली फळं आली. मग त्यांनी आपली एक क्लबातली रेकॉर्ड लावली. दादा शिष्टाचार म्हणून ऐकत होते. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून म्हणाले, "बुवा कधी येणार?"

"बुवा येत नाहीत, दादा. यात नुसती जागा असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग बुवांचं पोट कसं भरायचं?" ते म्हणाले, पण पाय हलत होता. मी पाहिलं.

सेफ्टीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ठेवणीतल्या कॅसेटवरचे आठ सेकंद त्यांनी स्वतः भरून घेतले होते आणि लॅपटॉप दोन्ही टर्नटेबलांना असा जोडला होता, की तबकडी फिरेल तशी ढोलकी वाजावी; मला लॅपटॉपच्या जवळही फिरकू दिलं नव्हतं. मी मान हलवली.

पहिल्या थापेलाच दादांनी ओळखलं. चेहरा बंद झाला आणि ते कोचाच्या हातावर रेलून उठायला लागले. आठ सेकंद संपले. आणि संपले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, मध्ये नखभर फट न पडता. दादा अर्धवट उठलेल्या अवस्थेत थांबले. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दोन टर्नटेबलांवर सेफ्टीसाहेबांची बोटं इतक्या अलगद फिरत होती, की हा माणूस फोरमनला घरी पाठवतो हे मी विसरले. दादा हळूच खाली बसले.

"इथं बघ," सहाव्या-सातव्या फेरीला ते म्हणाले. "आता येईल. ही. ही डावी उशिरा आली."

तीच थाप. माझ्या पडद्यावर सगळ्यात जास्त चुकलेली.

"बुवांना दमा होता," दादा म्हणाले. "स्टुडिओवाला म्हणाला, मध्ये थांबायचं नाही, पुन्हा रेकॉर्डिंग नाही. बुवांना दुसऱ्या कडव्याआधी धाप लागली. ठरलं होतं चार सेकंदांचं, मी आठ केलं. तरी त्यांचा श्वास बसेना. मी डावा हात वर धरून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. गळा खाली गेला, श्वास आत गेला, मग सोडली थाप."

मी सेफ्टीसाहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला राहवलं नाही, मी दादांना कबूल करून टाकलं, की ती थाप मी सरळ करून ठेवली होती.

"सरळ केलीस?"

"हो."

"मग बुवा गुदमरले असते की," दादा म्हणाले.

इतक्या वर्षांत लोकांच्या कामावर मारलेल्या सगळ्या लाल शेऱ्यांची मला एकदम शरम वाटली. ज्याच्या वाजवण्याचा मला अभिमान होता असं मी सांगत फिरत होते, त्याचं वाजवणं मी कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं मोजलं होतं.

ढोलकी फिरतच होती. सेफ्टीसाहेबांनी एक बटण सावकाश वळवलं. वरचे टणक बोल विरत गेले, उजवा हात गेला आणि खाली नुसता डावा उरला. तो घुमारा खोलीभर, जमिनीतून, आमच्या पायांत. ते दादांकडे बघून हिंदीत म्हणाले, "चाचा, राइट हँड इधर नहीं है."

दादांनी फळांचं ताट पुढे ओढलं. सफरचंदाच्या फोडी एका हातानं बाजूला सारल्या आणि ताटाच्या काठावर उजवी बोटं टेकवली. पहिली थाप चुकली. दुसरी लागली. मग टणत्कार सुरू झाला, आधी चाचपडत, मग असा, की मी लहानपणी ऐकलेली सगळी पार्टी त्या बैठकीत येऊन बसली. पंच्याहत्तरीला आलेला माझा बाप स्वतःच्याच तिशीतल्या डाव्या हाताशी जुगलबंदी करत होता. मी रडत होते, आणि या वेळी नळ सोडायची गरज नव्हती.

शेवटाकडच्या त्या थापेपाशी दोघांचं जुळेना. उजवा आधी पोचायचा. सेफ्टीसाहेबांना वाटलं चूक आपली, म्हणून त्यांनी तबकडीला बोट लावून ती थाप किंचित लवकर आणायला घेतली.

"नको, नको. उसको मत छेडो," दादा म्हणाले. "बायां देर से आता है. आने दो."

आणि उजवा हात ताटाच्या वर तसाच धरून ते त्याची वाट बघत थांबले.